एका घरची भांडी रिक्षासाठी

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण. बोलणाऱ्या : डोंबिवली पूर्वेकडच्या एका बचत गटातल्या बायका.)



आम्ही सात जणी आहोत. दोघी मुरबाड तालुक्यातल्या, दोघी शहापूरच्या, एक जळगावकडची, एक सोलापूरकडची आणि सातवी नेपाळच्या कैलाली जिल्ह्यातली. कल्याण-शीळ रस्त्यालगत पिसवलीला एका चाळीत आम्ही राहतो. पाच जणी डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी भागात घरकाम करतो, एक कारखान्यात पॅकिंगला जाते, एक कल्याणला दवाखान्यात साफसफाईचं काम करते. आज आम्ही तुमच्याशी सायकलीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, सायकलीत काय बोलायचं? पण आमच्या संसाराचा हिशोब त्या दोन चाकांनी बदलला, म्हणून बोलावंसं वाटलं.

गावाहून आलो तेव्हा आमच्यापुढे पहिला प्रश्न कामाचा नव्हता. काम मिळत होतं. प्रश्न होता कामापर्यंत पोचायचा. गावात शेत कुठं, विहीर कुठं, कोणत्या बांधावरून गेलं की लवकर पोचतो, हे पायांना माहीत असतं. इथं उतरलो तर सगळे रस्ते सारखे, सगळ्या इमारती सारख्या. नाक्यावरून शेअर रिक्षा पकडायची, घरडा सर्कलला उतरायचं, तिथून चालायचं. रिक्षा जिथं सोडेल तेवढंच आमचं शहर. पलीकडच्या गल्लीत जास्त पगाराचं काम आहे म्हणून कुणी सांगितलं, तरी तिथं जायचं कसं ते ठाऊक नसायचं.

एकदा गटाच्या बैठकीत आम्ही हिशोब मांडला. तेव्हा रिक्षाचे जायचे १५ रुपये, यायचे १५. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८० रुपये. आणि एका घरच्या भांड्यांचे आम्हाला तेव्हा ७०० मिळत. म्हणजे एका घरची भांडी आम्ही महिनाभर नुसती रिक्षासाठीच घासत होतो. वरचे ८० पुन्हा पदरचे. पैसे वाचवायचे म्हणून चालत गेलो तर जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. तो दीड तास कुठून आणायचा? तो पोरांच्या डब्यातून, नाहीतर आमच्या झोपेतून जायचा.

आता आमच्या सातवीबद्दल सांगतो. तिचा नवरा एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन. नेपाळच्या माणसाला भारतात येऊन काम करायला व्हिसा लागत नाही. १९५० साली दोन देशांत तसा करार झालेला आहे. पण व्हिसा नसला तरी परका तो परकाच. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. आमच्यातल्या धाकट्या दोघींना ती सारखी ‘बहिनी, बहिनी’ म्हणायची. आम्हाला वाटायचं ती ‘वहिनी’ म्हणतेय, आणि आम्ही विचारात पडायचो की हिच्या कोणत्या भावाची बायको आमच्यात आहे! मग कळलं, त्यांच्या भाषेत बहिनी म्हणजे धाकटी बहीण. कागदावर परदेशी ती एकटीच. पण खरं सांगायचं तर डोंबिवली स्टेशनात गाठोडं घेऊन उतरलो त्या दिवशी आम्ही सगळ्याच परदेशी होतो.

चाळीत येऊन तिला पंधरा दिवस झाले नव्हते. एका सकाळी ती नवऱ्याची दांड्याची सायकल काढून निघाली आणि कामावर आमच्या आधी पोचली. आम्ही बघतच राहिलो. कैलालीचा बराच भाग तराईत येतो. तिकडं सपाट मुलूख, बायकापोरी शाळेला, बाजाराला सायकलीनंच जातात. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ‘दिदी, तुम्हाला येत नाही?’ असं तिनं विचारलं, तेव्हा आम्हाला जरा लाजच वाटली.

ही गोष्ट २०१८ च्या थंडीतली. तिनंच आम्हाला शिकवलं. पहाटे पाचला चाळीमागच्या मोकळ्या प्लॉटवर जायचो. तिची रीत सोपी होती, तुम्हीही करून बघा. सीट इतकी खाली करायची की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आधी पायडल मारायचंच नाही. जमिनीला पाय मारत मारत सायकल पुढं ढकलायची आणि तोल सांभाळायचा. चार दिवसांत पाय आपोआप उचलले जातात. मग पायडल. मागून कॅरिअर धरून पळायला कुणी लागत नाही. आमच्यातली थोरली तेव्हा ४६ वर्षांची होती. नऊ दिवसांत शिकली. गुडघे फुटले, ढोपरं सोलली. पोरं हसली. एक म्हातारबुवा रोज दात घासत उभे राहायचे आणि ‘आज कोण पडणार?’ म्हणून विचारायचे. साडीचं म्हणाल तर निऱ्या काष्ट्यासारख्या मागं खोचायच्या आणि पदर कमरेला घट्ट बांधायचा. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणीला गाठ मारायची. चेनमध्ये कापड अडकलं की माणूस पडलाच समजा.

गटातून कर्ज घेतलं, शेकडा एक रुपया व्याजानं. जुनी सायकल १८०० रुपयांना मिळाली. जुनी घेताना आम्ही तीन गोष्टी बघतो. एक, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढं ढकलायची. चाक फिरलं तर ब्रेक बदलायला झालेत. दोन, चाक उचलून फिरवायचं. डुगत असेल तर रिम वाकडी आहे. तीन, टायरला चिरा आहेत का ते बघायचं. रिक्षाचे वाचले त्यातून तीन महिन्यांत कर्ज फिटलं.

सायकल आली तसं शहरही कळायला लागलं. शीळ रस्त्यावर कंटेनर आणि डंपर चालतात, म्हणून आम्ही आतल्या गल्ल्या शोधल्या. कुठं चढ आहे, कुठं गटाराचं झाकण खचलंय, कुठं पेव्हर ब्लॉकवर पावसात चाक घसरतं, हे आता गावच्या बांधासारखं पाठ झालंय. आमचे नियम आहेत. वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला कधी थांबायचं नाही, ड्रायव्हरला आपण दिसत नाही. उभ्या मोटारीपासून चांगलं लांब राहायचं, दार कधी उघडेल सांगता येत नाही. उजवीकडं वळायचं तर उतरायचं आणि चालत रस्ता ओलांडायचा. पावसात ओल्या रिमवर ब्रेक लवकर लागत नाही, म्हणून बरंच आधी दाबायला लागायचं. आणि डबक्यात चाक घालायचं नाही. खाली किती खोल आहे ते दिसत नाही.

या शहरांचा एक मोठा अडथळा म्हणजे रेल्वे. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, मध्ये रूळ. पूल बंद झाला की गावाचे दोन तुकडे. कल्याणचा शंभर वर्षांहून जुना पत्री पूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला, नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ च्या सप्टेंबरात बंद झाला तो दोन वर्षांनी उघडला. पादचारी पुलावरून सायकल न्यायची तर खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या. ज्यानं तो जिना बांधला त्याला सायकलवाली बाई आठवली नसणार.

मग मार्च २०२० आला. लोकल बंद, रिक्षा बंद. घरकाम करणाऱ्यांना सोसायट्यांनी गेटवरच अडवलं. पण दवाखान्यात जाणारीला रोज कल्याणला पोचायचंच होतं. ती सायकलीनं गेली. त्या तीन महिन्यांत चाळीत पगार आणणारी ती एकटीच बाई होती, आणि गटाचा हप्ता तिनं एकदाही चुकवला नाही. आमची नेपाळची मैत्रीण त्याच वर्षी नवऱ्याबरोबर मुलखाला गेली. जाताना सायकल आमच्याकडं ठेवून गेली. दीड वर्षानं परत आली तेव्हा चाळीत आणखी चार जणी सायकल चालवत होत्या. ती म्हणाली, ‘माझी सायकल झिजवलीत की!’

सगळं गोड नाही. २०२२ च्या जुलैत आमच्यातली एक खड्ड्यात पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. एका घरानं पूर्ण पगार दिला, दोन घरांनी दुसरी बाई ठेवली. नवरा म्हणाला, सायकल विकून टाक. सासू म्हणाली, बाईमाणसाला ही हौस कशाला? ती बैठकीत येऊन रडली. विकू की नको, ते आम्ही तिला सांगितलं नाही. हात तिचा होता, भीती तिची होती. आम्ही एवढंच केलं : गटातून बिनव्याजी पैसे दिले आणि सायकल विकायला कुणी घाई करू नये म्हणून ती थोरलीच्या दारात ठेवली. प्लॅस्टर निघाल्यावर महिनाभर ती चालत गेली. एक दिवस स्वतःच येऊन म्हणाली, ‘हवा आहे का गं टायरात?’ दुसऱ्या दिवशी थोरली तिच्यापुढं सायकल घेऊन निघाली.

एका सोसायटीत आमच्या सायकली आत लावू देत नाहीत. बाहेर लावली तर चोरीला जाते, एक गेलीही. रस्त्याच्या कडेला सायकलीपुरता पट्टा आणि नाक्यावर सायकल लावायला जागा द्या, म्हणून आम्ही अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही. पुन्हा जाणार आहोत.

मैत्रिणींनो, आम्ही काही पहिल्या नाही. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरतेच्या चळवळीत बायकांना लिहायवाचायबरोबर सायकलही शिकवली. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. लाखाहून जास्त बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या आणि दांड्यावर लेकरू बसवलं. शेतमजूर बायका होत्या त्या, तुमच्याआमच्यासारख्याच.

शेवटी एकच सांगणं आहे. सायकल गावातच शिका. गावात मैदान आहे, रस्ता मोकळा आहे, पडलं तर उचलायला ओळखीचा हात आहे. शहरात यातलं काही मिळत नाही. मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांत शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकल मिळते. तुमच्या घरी तशी सायकल असेल तर संध्याकाळी ती रिकामीच उभी असते. लेकीला म्हणा, मला शिकव. तुम्हाला शहरात यायचं नसेलही. पण दवाखाना, बँक, बाजार तुमच्यापासूनही लांबच आहे ना? आणि उद्या लेक कामाला शहरात निघाली, तर तिच्या गाठोड्यात पीठ, चटणी बांधालच. त्याबरोबर ही एक गोष्टही बांधून द्या.