वजन ओढा, पण बेतानं!

(मंडळाच्या पालक-युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित गोषवारा)



आयोजकांनी विषय दिला, “बेसबॉल खेळणाऱ्या मुलांचा पळण्याचा वेग कसा वाढवावा?” मी व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट आणि दर शनिवारी मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसणारा बाप. त्यामुळे थोडं दवाखान्यातलं, थोडं मैदानावरचं, असं मिसळून सांगणार आहे. चहा थांबलाय याची कल्पना आहे, फार लांबण लावणार नाही.

आपण पडलो क्रिकेटवाले. चेंडू तटवला आणि जागेवर उभं राहिलं तरी आपलं बिघडत नाही. बेसबॉलमध्ये मात्र चेंडू मैदानात गेला की पळणं आलंच. होमपासून पहिल्या बेसपर्यंत ९० फूट. मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू पूर्ण वेगात सेकंदाला साधारण २७ फूट पळतो आणि ३० फूट गाठणारे अगदी मोजके. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग वाचला तर पावणेतीन फूट मिळाले. पंच ‘सेफ’ म्हणणार की ‘आउट’, हे बऱ्याचदा तेवढ्याच अंतरावर ठरतं.

आता आपल्या मुलांचं बघा. लिटल लीगमध्ये बाराव्या वर्षापर्यंत दोन बेसमध्ये ६० फूट अंतर असतं. काही लीगमध्ये मध्ये ७० किंवा ८० फुटांची पायरी असते, पण शेवटी ९० फूट येतातच. म्हणजे दीडपट! नेमका याच सुमारास मुलगा ताडासारखा वाढायला लागतो. हात-पाय लांबतात, त्यांना जोडणारे स्नायू मागे राहतात, आणि कालपर्यंत हरणासारखा पळणारा पोरगा उंटासारखा दिसायला लागतो. घरात हळहळ सुरू होते, “हा स्लो झाला हो!” अहो, तो स्लो झालेला नाही. मैदान मोठं झालंय आणि शरीर नवीन मिळालंय.

या टप्प्यावर मला दोन प्रकारचे पालक भेटतात. पहिले म्हणतात, “वजनाला हात लावू नकोस, उंची खुंटेल.” ही समजूत आपण देशातून येताना बॅगेत भरून आणलेली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सनं २०२० साली पुन्हा स्पष्ट केलं आहे, की जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीनं केलेला वजनाचा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आहे आणि त्यानं वाढ खुंटत नाही. दुसरे पालक याच्या अगदी उलट. रात्री बारा वाजता वीस पौंडांचं जाकीट ऑर्डर करून मोकळे! या दुसऱ्यांशी मला आज जरा जास्त बोलायचंय.

वजन लावून पळण्यामागचं शास्त्र साधं आहे. सुरुवातीच्या दहा-पंधरा यार्डांत आपण जमीन मागे ढकलून स्वतःला पुढे फेकत असतो. शरीर पुढे कललेलं, पाय जोरात मागे. बेसबॉलमधली बरीचशी धाव याच टप्प्यात होते. पूर्ण वेग येईयेईपर्यंत बेस आलेला असतो. कमरेला पट्टा बांधून मागे स्लेड ओढली की या ढकलण्याला ताकद मिळते. स्लेड म्हणजे वजन ठेवायची सपाट लोखंडी घसरगाडी. शेतात ढेकळं फोडायला बैलामागे फळी ओढतात ना, तिची ही धाकटी बहीण म्हणा.

पण वजन किती? सुरुवातीला शरीराच्या वजनाच्या एक दशांश. मुलगा शंभर पौंडांचा असेल तर गाडीसकट दहा पौंड. बस! आणि हा आकडासुद्धा डोळे मिटून पाळू नका. तीच गाडी ओल्या गवतावर जड जाते आणि कृत्रिम टर्फवर वेगळीच वागते. म्हणून घड्याळ लावा. वीस यार्ड मोकळं पळायला ३.३ सेकंद लागत असतील, तर गाडीसह ३.६ च्या आसपास यायला हवेत. त्याहून जास्त लागले तर वजन उतरवा. शिवाय डोळ्यांनी बघा. मुलगा कमरेत वाकला, टाचा आपटायला लागला, पावलं फरफटायला लागली, की तो वेगाचा सराव राहिला नाही, हमाली झाली. मोठ्या खेळाडूंवर शरीराच्या वजनाच्या ८० टक्के ओझ्याचे प्रयोगही झाले आहेत. ते वाचून कृपया अंगणात टायर आणू नका. ती मंडळी वयानं मोठी, वाढ पूर्ण झालेली होती.

जाकिटाचा प्रकार वेगळा. गाडी मागे खेचते, तर जाकीट वरून दाबतं, आणि प्रत्येक पावलाला गुडघ्या-टाचांवरचा मार वाढवतं. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाची टोकं अजून कोवळी असतात. माझ्याकडे असाच एक तेरा वर्षांचा मुलगा आला होता. रोज जाकीट घालून पळत होता. टाच इतकी दुखायची, की सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरायचा. घरी सांगत नव्हता, कारण संघातली जागा जाईल ही भीती. वडील खरोखर प्रेमानंच करत होते हो! पण मुलगा दुखणं लपवायला लागला, की समजावं आपण फार पुढे गेलोय. आणि घोट्याला बांधायची वजनं घालून तर पळूच नये. त्यानं पळण्याची लयच बिघडते.

वयाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांनी सहा आठवडे स्लेड ओढली. ज्यांच्या वाढीचा झपाटा अजून सुरू झाला नव्हता, त्यांच्या वेगात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांचा झपाटा चालू होता किंवा होऊन गेला होता, त्यांचा वेग वाढला. म्हणजे दहा वर्षांच्या पोराला गाडीला जुंपून फायदा नाही. त्याला पकडापकडी, लंगडी, खो-खो खेळू द्या. खो-खोत बसल्या जागेवरून उठून धावणं आणि चपळाईनं हुलकावणी देणं, बेसवर यापेक्षा वेगळं काय लागतं?

मोठ्या मुलांसाठी वेळ आत्ताच चांगली आहे. फॉलचा हंगाम संपतोय, शाळेच्या निवड चाचण्या साधारण मार्चमध्ये असतात. जानेवारीपासून सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवस विश्रांती. आधी अंग चांगलं गरम करायचं. मग पंधरा-वीस यार्डांच्या चार-पाच फेऱ्या गाडीसह, शेवटी दोन-तीन मोकळ्या. प्रत्येक फेरीनंतर दोन-तीन मिनिटं पूर्ण विसावा. मूल म्हणेल, “बाबा, आय अॅम नॉट टायर्ड!” तरी थांबवा. दमलेलं शरीर वेग शिकत नाही, दमणंच शिकतं. आणि टाच, गुडघा किंवा पाठ दुखली तर त्या दिवशी गाडी बंद. दुखणं टिकलं तर डॉक्टर.

एक सांगून थांबतो. रिकी हेंडरसननं १९८२ साली एका हंगामात १३० बेस चोरले. तो वेगवान होताच, पण पिचर कधी हलणार हे तो त्याच्याकडे टक लावून बघून शिकला होता. ते गाडी ओढून येत नाही. ते येतं खेळाच्या आवडीतून, आणि ती आवड आपल्या घाईनं करपू नये एवढीच विनंती. घड्याळात मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करू नका, त्याच्याच मागच्या महिन्याशी करा.

तुम्हां सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. फराळावर ताव मारा, पळायला जानेवारी आहेच!