हाडांची साक्ष आणि क्ष-किरणांचे नवे साधन

कळवण तालुक्याचे डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचे थर थिजून हा खडक तयार झाला. अशा खडकात प्राण्यांचे अवशेष सहसा सापडत नाहीत. ते शोधावयाचे असतात नद्यांच्या जुन्या गाळात. सातमाळा डोंगररांगेच्या दक्षिणेस, निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात मिळालेल्या एका नामशेष हत्तीच्या अवशेषांचे वर्णन भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ साली प्रसिद्ध केले. तेव्हापासून नाशिक जिल्ह्याचे नाव जीवाश्मांच्या अभ्यासात घेतले जाते.

परंतु नदीतील हाडाबाबत एक अडचण नेहमीच उभी राहते. पूर जुन्या थरातील हाड उकरतो आणि नव्या थरात नेऊन टाकतो. मग ते हाड खरोखर त्या थराचे, की दुसरीकडून आलेले? याचे उत्तर रसायनशास्त्र देऊ शकते. जमिनीत पुरलेले हाड भूजलातील फ्लोरिन, युरेनियम यांसारखी द्रव्ये हळूहळू शोषून घेते. एकाच थरात राहिलेल्या हाडांत त्यांचे प्रमाण साधारणतः सारखे असावयास हवे. इंग्लंडमधील पिल्टडाउनच्या तथाकथित आदिमानवाचे बिंग १९५३ साली फुटले, त्यात फ्लोरिनच्या मापनाचा मोठा वाटा होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातही जी. एल. बादाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन हाडांचे असे परीक्षण केले. मात्र या जुन्या पद्धतीत हाडाचा तुकडा दळून खर्ची घालावा लागतो.

आता दीड-दोन किलो वजनाचे, हातात धरता येणारे क्ष-किरण यंत्र उपलब्ध झाले आहे. दवाखान्यातील क्ष-किरण हाडाचा आकार दाखवितात. हे यंत्र हाडातील घटक दाखविते. त्याचे किरण पदार्थावर पडले की अणूच्या आतील कक्षेतील इलेक्ट्रॉन निसटतो व बाहेरचा इलेक्ट्रॉन त्याची जागा घेतो. त्या वेळी बाहेर पडणाऱ्या किरणाची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते. तिच्यावरून कॅल्शियम, लोह, मँगनीज, स्ट्रॉन्शियम यांची ओळख काही मिनिटांत पटते आणि हाडाला ओरखडाही उठत नाही.

तथापि या यंत्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. ज्या फ्लोरिनवर जुन्या परीक्षणाचा भर होता, ते हलके मूलद्रव्य या यंत्रास दिसत नाही. किरण फार खोल जात नसल्याने मातीचा लेप वा डिंक हाडावर असल्यास आकडा त्याचाच येतो. लोहयुक्त मातीत पडून राहिलेले हाड लोह अधिक दाखवील. तेवढ्यावरून ते फार प्राचीन ठरत नाही. म्हणून हाडासोबत शेजारची मातीही तपासावी लागते. शिवाय क्ष-किरणांचे साधन असल्याने ते प्रशिक्षित व्यक्तीनेच नियमांनुसार हाताळावयाचे असते.

येथेच गावकऱ्यांचे कार्य सुरू होते. विहीर खणताना किंवा नदीची दरड ढासळल्यावर दगडासारखे जड हाड दिसले, तर ते उपटू नये, धुऊ नये, त्यावर रंग वा वार्निश लावू नये. जागा, खोली व थराचा रंग टिपून ठेवावा, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि तहसील कार्यालयामार्फत भूवैज्ञानिकांना कळवावे. शिक्षकांनी ही नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास तो विज्ञानाचा प्रत्यक्ष पाठच ठरेल. ग्रामपंचायतीने ती आपल्या दप्तरी जपावी.

कपाटात ठेवलेले बेवारस हाड यंत्रापुढे धरले, तर आकडे मिळतील, अर्थ मिळणार नाही. त्या आकड्यांना अर्थ येतो तो हाड कोठे सापडले, या एका ओळीच्या नोंदीने. आणि ती ओळ गावातच लिहिली जाऊ शकते.