विद्यार्थी प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी?



महाविद्यालयातील विद्यार्थी प्रतिनिधी म्हटला की स्नेहसंमेलनाचा मांडव, पाहुण्यांचा हार आणि क्रिकेटच्या चेंडूंची खरेदी एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. मावळ तालुक्यात मात्र या पदाचे खरे काम एस.टी.च्या थांब्यावर सुरू होते. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा ही लोहमार्गावरची गावे. पण पुष्कळसा विद्यार्थी येतो तो पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ या आडबाजूच्या खोऱ्यांतून. सकाळची गाडी चुकली की त्याचा पहिला तास बुडतो, आणि परतीची गाठायची तर शेवटचा सोडावा लागतो. पुणे–लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली खरी, परंतु लोकल खोऱ्यांत शिरत नाही.

शुल्क हा शिक्षणाच्या खर्चाचा केवळ दिसणारा भाग होय. प्रवास आणि बुडालेली मजुरी हा न दिसणारा भाग गरीब घराला अधिक जड जातो. पावसाळ्यात भाताच्या आवणीला घरी हात हवे असतात. नेमक्या त्याच दिवसांत लोणावळ्याला पर्यटकांची रीघ लागते आणि हॉटेलांत, चिक्कीच्या दुकानांत, भुशी धरणाच्या वाटेवरील कणसाच्या गाड्यांवर रोजगार उपलब्ध होतो. हजेरीपटावर या साऱ्याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच! त्या एका शब्दामागची हकीकत प्राचार्यांपुढे निर्भयपणे मांडणारा तो प्रतिनिधी.

असा प्रतिनिधी मिळावा कसा? १९८९ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने अठराव्या वर्षी मताधिकार दिला. पाचच वर्षांनी, महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ अन्वये, महाविद्यालयातील थेट निवडणूक संपुष्टात आली. वर्गात सर्वाधिक गुण मिळविणारा विद्यार्थी मंडळावर आपोआप येऊ लागला. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, एन.एस.एस., एन.सी.सी. आणि विद्यार्थिनींच्या जागा प्राचार्यांच्या नेमणुकीने भरू लागल्या. म्हणजे लोकसभेचा सदस्य निवडण्यास लायक ठरलेला तरुण वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास नालायक ठरला. गुणवत्तेचा अनादर कोणीच करू नये. पण वर्गात पहिला येणारा बहुधा तोच, ज्याची गाडी चुकत नाही.

जुन्या निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरली होती, रक्तही सांडले होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यात महाविद्यालयाबाहेरील पक्षांचा हात होता, हे तर पक्षकार्यकर्त्यांनी मुळीच विसरू नये. तथापि मारामारी थांबविण्याचा उपाय म्हणून मतदारालाच घरी बसविणे ही शासनाला नेहमीच सोयीची वाटणारी युक्ती आहे.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने, जो मार्च २०१७ पासून लागू झाला, अध्यक्ष व सचिव थेट मतदानाने निवडण्याची, विद्यार्थिनींना आणि मागास प्रवर्गांना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद केली. २०१९ साली निवडणुका जाहीर झाल्या आणि विधानसभा निवडणुकीच्या कारणाने पुढे ढकलल्या गेल्या. मग महासाथ आली. मोठ्यांची निवडणूक आली म्हणून लहानांची थांबवायची, यातील विनोद त्या वेळी फारशा कोणाला जाणवला नाही.

तळेगावला या बाबतीत एक जुना दाखला आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला पैसा फंड आणि त्यातून १९०८ साली निघालेला काचेचा कारखाना! एखाद्या धनिकाची देणगी मिळविणे कदाचित सोपे गेले असते. परंतु एकेक पैसा मागायचा तर दारोदार जावे लागते, आणि पैसा देणाराला हिशेब विचारण्याचा हक्क मिळतो. मताचेही असेच आहे. नेमलेला प्रतिनिधी नेमणाऱ्याकडे पाहतो, निवडलेल्याला वर्गाकडे परत यावे लागते.

निवडणूक होवो वा न होवो, वर्गाची मासिक सभा घेण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. जिमखान्याच्या शुल्कातून काय खर्च झाले, याचा कागद सूचनाफलकावर लावण्याची मागणी करता येते. विद्यार्थिनींच्या परतीच्या गाडीबद्दल एस.टी.च्या आगारप्रमुखांकडे शिष्टमंडळ नेता येते. मावळातील कार्यकर्त्यांनी या मुलांमागे उभे राहावे, पुढे नव्हे. आपल्या पक्षाचा उमेदवार शोधण्याची घाई तर नकोच. आणि सुरुवात करायचीच असेल तर आवणीच्या महिन्यातील गैरहजर विद्यार्थ्यांची खोऱ्यांनुसार यादी प्रतिनिधींकरवी तयार करून घ्यावी आणि ती हातात घेऊन प्राचार्य व आगारप्रमुख या दोघांना एकाच दिवशी भेटावे.