विहिरीचं पाणी : पावडर किती, केव्हा आणि कशी?



मृगाचा पाऊस पडला की आपल्या वाशीम जिल्ह्यात पेरणीची एकच घाई उडते. त्याच दिवसांत वरचं गढूळ पाणी वाहत विहिरीत उतरतं आणि घरोघरी हगवण सुरू होते. सगळ्यात आधी आजारी पडतं ते लहान लेकरू. म्हणून आज आम्ही गटातल्या बाया विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्याबद्दल बोलणार आहोत.

शहरातल्या पोहण्याच्या तलावावर माणूस नेमलेला असतो. तो रोज नळीत पाणी घेतो, रंग बघतो आणि त्यात क्लोरीन किती उरलं ते तपासतो. ते पाणी तर फक्त अंगाला लागतं. आपण विहिरीचं पाणी पितो, त्यावर लेकरं वाढवतो. मग आपली तपासणी त्याहून कमी का असावी?

पाणी शुद्ध करायला आपल्याकडे टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात. पण पावडर नुसती विहिरीत फेकली की काम झालं, असं नाही. आधी पाणी किती ते काढा. विहिरीचा व्यास फुटांत मोजा. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. व्यास गुणिले व्यास, गुणिले खोली, गुणिले 22, एवढे लिटर पाणी. विहीर 10 फूट रुंद आणि पाणी 12 फूट असेल, तर सुमारे 26 हजार लिटर झालं.

चांगली, ताजी पावडर असेल तर 1000 लिटरला 5 ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला सुमारे 130 ग्रॅम. घरच्या हजार लिटरच्या टाकीला 5 ग्रॅम. किराणा दुकानात 50 ग्रॅम तोलून घ्या आणि आपल्या प्लास्टिकच्या चमच्याने त्यात किती चमचे बसतात ते मोजून ठेवा. पुढे अंदाज चुकणार नाही.

आता रीत ऐका. प्लास्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवून ढवळा. दहा मिनिटं राहू द्या. खाली चुना बसतो, तो विहिरीत टाकू नका, त्यानं पाणी जड होतं. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, दोरीनं विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. हे काम रात्री, पाणी भरून झाल्यावर करावं. निदान अर्धा तास तरी ते पाणी कोणी पिऊ नये. जंतू मरायला तेवढा वेळ लागतोच.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं. म्हणून टाकीचं किंवा माठाचं पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गाळून घ्या, मग औषध टाका.

पावडरीचा डबा घट्ट झाकणाचा, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी, लेकरांपासून दूर ठेवा. उघडं पोतं ओलाव्यात राहिलं की त्यातला दम जातो; मग कितीही टाका, उपयोग नाही. ही पावडर संडास धुण्याच्या ॲसिडात कधीच मिसळू नका. विषारी वायू निघतो.

काम झालं की नाही, ते ओटी टेस्टने कळतं. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आहे. रंग आला नाही तर पुन्हा पावडर लागेल. तपासलेलं पाणी फेकून द्यावं. एका लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. ही तपासणी विहिरीवरच नव्हे, तर गावाच्या शेवटच्या नळावरही करावी.

आमच्या बैठकीत काही बाया म्हणतात, “पाण्याला वास येतो, चहा बिघडतो.” खरं आहे. पण तो हलका वास म्हणजे पाण्याचा राखणदार अजून जागा आहे. पाणी भरून थोडा वेळ ठेवलं की वास कमी होतो.

म्हाताऱ्या बायांना नारू आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरल्यानं तो पसरायचा. त्याला लस नव्हती, रामबाण औषध नव्हतं. पाणी गाळून, विहिरी सुधारून आणि पाण्यात औषध टाकून तो हटवला. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाणी सांभाळलं तर रोग जातो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

गावात पावडर टाकण्याचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं आहे. जलजीवन मिशनमध्ये तर प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी शिकवायची तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाच कोण, ते विचारा. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्याला कोणतं मिळालं, ते महिला ग्रामसभेत विचारा आणि पावडरीची नोंदवही बघायला मागा.

बायांनो, पाणी आपणच भरतो, तर त्याचा हिशेबही आपणच ठेवू या.