विहीर सर्वांची, गाळही सर्वांचा
(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि पोटात भूक असलेल्या श्रोत्यांसमोर सोळावं मिनिट मागू नये एवढं मला कळतं. आज जमणाऱ्या निधीतून गावाकडच्या शाळांना संगणक द्यायचे आहेत. त्या संगणकावर मुलं सगळ्यात आधी जे उघडतील तो असेल ब्राउझर. सोमवार ते शुक्रवार मी एका कंपनीत इंजिनिअर म्हणून नोकरी करते, आणि रविवारी सकाळी अशाच एका ब्राउझरच्या कोडमध्ये दुरुस्त्या करते, बिनपगारी. हे काम कसं चालतं, आणि त्यातून देणगीबद्दल मी काय शिकले, ते सांगते.

आधी ब्राउझर करतो काय? वेबसाईटवरून आपल्याकडे तयार पान येत नाही, मजकूर आणि सूचना येतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे डावीकडे, ते लाल. ब्राउझर आधी त्याचा वंशवृक्ष बनवतो, कोण कुणाच्या पोटात ते. मग कुणाला कुठले नियम लागू ते ठरवतो. मग पंगत मांडतो, म्हणजे कुणाला किती जागा आणि कुणाशेजारी कोण. शेवटी रंग भरतो. ऐनवेळी एक पाहुणा आला, म्हणजे एखादा फोटो उशिरा उतरला, की अख्खी पंगत पुन्हा सरकवायची. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत!

त्यातून आपली मराठी. 'कि' लिहिताना क आधी टाइप होतो आणि वेलांटी नंतर, साठवलंही तसंच जातं. पण पडद्यावर वेलांटी क च्या आधी दिसायला हवी. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यात फरक फक्त र जोडण्याच्या पद्धतीचा, पण एका निरोपाने गुरुजी येतील आणि दुसऱ्याने स्वयंपाकी! अक्षरं अशी जुळवण्याचं काम फायरफॉक्स आणि क्रोममध्ये 'हार्फबझ' नावाचा प्रोग्रॅम करतो. हे नाव फारसी शब्दांवरून आलंय: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. त्याचे मुख्य लेखक बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणचे. ज्यांची मातृभाषा उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्यांच्या कामामुळे आपला आचारी आचारीच राहतो. आणि फायरफॉक्सचे मेनू मराठीत दिसतात, ते भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे.

हे सगळं 'ओपन सोर्स' आहे, म्हणजे मुक्त. मुक्त आणि फुकट यात आपण गल्लत करतो. पाणपोईवर पाणी फुकट मिळतं. पण मालकाने उद्या माठ उचलला तर आपण काही करू शकत नाही. विहीर गावाची असते. पाणी काढता येतं, रहाट बदलता येतो, पायऱ्या बांधता येतात, कुणाची परवानगी लागत नाही. मुक्त सॉफ्टवेअर ही विहीर आहे. कोड कुणीही वाचावा, बदलावा, बदललेला दुसऱ्याला द्यावा.

अशा विहिरींमधून केवढं पाणी निघालं त्याचं एक उदाहरण. १९९८ च्या सुमारास केडीई नावाच्या मुक्त प्रकल्पातल्या मंडळींनी केएचटीएमएल नावाचं ब्राउझरचं इंजिन लिहायला घेतलं. २००३ मध्ये ॲपलने त्यावरून सफारी बनवला. त्यातून झालेलं वेबकिट घेऊन २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला, आणि २०१३ मध्ये गूगलने त्याची ब्लिंक नावाची वेगळी शाखा काढली. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजसुद्धा त्याच शाखेवर आला. म्हणजे आज या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये त्या मूळ कामाचा वारसा आहे.

दुसरी विहीर मोझिलाची. नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ ला आपल्या ब्राउझरचा कोड जगासाठी खुला केला, त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. जाहिरातीला पैसे नव्हते, म्हणून लोकांकडून वर्गणी काढली! डिसेंबर २००४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात आली, आणि त्यात वर्गणी देणाऱ्या हजारो लोकांची नावं बारीक अक्षरात छापली होती. आपण स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापतो ना, अगदी तशीच.

आता जरा तांत्रिक, पण सोपं करून सांगते. ब्राउझर हा धोक्याचा धंदा आहे, कारण तो दिवसभर अनोळखी लोकांनी पाठवलेला मजकूर उघडत असतो. तो बहुतांशी सी-प्लस-प्लस या भाषेत लिहिलेला असतो. या भाषेत वेग आहे, पण स्मृतीचा हिशेब माणसाने ठेवायचा. समजा, भाड्याची खोली सोडली पण किल्ली खिशातच राहिली. नवीन भाडेकरू आल्यावर त्या किल्लीने कुणी आत शिरलं तर? हॅकर नेमकं हेच करतात. क्रोमियमच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये आपल्या गंभीर सुरक्षा-त्रुटी तपासल्या, तर सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशाच गोंधळातून आलेल्या होत्या.

यावर उपाय म्हणून पुढे आलेली भाषा म्हणजे रस्ट. ग्रेडन होअर हे मोझिलात नोकरीला होते. २००६ मध्ये व्हँकूवरला त्यांच्या इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर बिघडल्यामुळे बंद पडली आणि त्यांना एकविसाव्या मजल्यावर चालत जावं लागलं. लिफ्टसारखी साधी गोष्टसुद्धा आपल्याला धड चालवता येत नाही, या वैतागातून त्यांनी घरच्या घरी नवी भाषा रचायला घेतली. २००९ पासून मोझिलाने तिला आधार दिला आणि मे २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली.

तिचा मुख्य नियम आपल्या स्वयंपाकघरातला आहे. आमटीचं पातेलं बघायला कितीही जण या, पण मीठ घालायचं तर एका वेळी एकानेच, आणि तेव्हा बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. नाहीतर सासू, सून आणि नणंद तिघीही मीठ घालणार! रस्टमध्ये हा नियम मोडलात तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. त्यामुळे एकाच वेळी अनेक हातांनी काम करणं बिनधोक झालं. पानाचे नियम लावण्याचं काम असं वाटून करायचा प्रयत्न मोझिलात सी-प्लस-प्लसमध्ये आधी झाला होता, पण सोडून द्यावा लागला होता. रस्टमध्ये ते जमलं. मोझिलाने २०१२ पासून सर्व्हो नावाचं प्रायोगिक इंजिन रस्टमध्ये बांधायला घेतलं होतं. त्यातला हा भाग नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्समध्ये बसवला गेला.

आणि मग २०२० आलं. ऑगस्टमध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कामावरून कमी केलं. सर्व्होवर काम करणारा गट त्यात गेला, रस्टवर काम करणारेही काही गेले. रस्ट तरली. तोपर्यंत अनेक कंपन्यांचं काम तिच्यावर उभं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून रस्ट फाउंडेशन स्थापन केलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. सर्व्होला मात्र पगार देणारी एकच संस्था होती. प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला, पण पुढची दोन वर्षं काम जवळजवळ थांबलं. रस्ट म्हणजे गंज. कोडला गंज चढत नाही, पण जग पुढे जातं. वेबचे नियम बदलतात, आणि कालचा ब्राउझर आजचं पान वाकडं दाखवतो.

२०२३ मध्ये इगालिया या स्पेनमधल्या संस्थेने सर्व्होचं काम पुन्हा हातात घेतलं. ही संस्था तिथे काम करणाऱ्यांच्याच मालकीची आहे. सहकाराच्या मातीत वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कोड खुला होता, म्हणून कुणाचा उंबरठा न झिजवता काम पुन्हा सुरू झालं. आता सर्व्होला जगभरातून छोट्या मासिक देणग्याही येतात. त्यातून सर्व्हरचा खर्च आणि देखभाल करणाऱ्यांचे काही तास भागवले जातात.

माझं रविवारचं काम याच सर्व्होवर. त्यात दिमाखदार काही नाही. कुठल्यातरी पानावर चौकट चार पिक्सेल खाली सरकलेली असते. कारण शोधायचं, दोन ओळी बदलायच्या, आणि ती चूक परत आली तर ओरडून सांगेल अशी चाचणी लिहायची. मग कुठल्यातरी दुसऱ्या देशातला, कधी न भेटलेला माणूस त्या दोन ओळी बारकाईने तपासतो आणि सात शंका काढतो. हा तपासणारा माणूस सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात दुर्मीळ. नवीन कोड लिहायला हौशी पुष्कळ येतात. दुसऱ्याचा कोड वाचायला कुणी येत नाही. विहीर खणली की दगडावर नाव कोरतात. दर उन्हाळ्यात खाली उतरून गाळ काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. तो एक-दोन वर्षं आला नाही, की पाण्याला वास येतो आणि मग सगळे विचारतात, "विहीर कुणी बांधली होती?"

म्हणून मंडळी, शाळांच्या संगणकांबद्दल माझी तीन मागण्यांची यादी. एक, त्यांवर मुक्त सॉफ्टवेअर बसवावं. आपण उद्या मदत करू शकलो नाही तरी शाळेला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. दोन, जमलेला सगळा निधी यंत्रं घेण्यात संपवू नये. काही भाग दुरुस्तीसाठी आणि प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवावा. तीन, एका मोठ्या दात्याच्या मागे लागण्यापेक्षा शंभर घरांनी दरमहा थोडं द्यावं. मोठा आधार एका पत्राने बंद होऊ शकतो. शंभर घरांतली दहा थांबली, तरी उरलेली नव्वद काम चालू ठेवतात.

बाहेरच्या टेबलावर देणगीचे फॉर्म आहेत. त्यात 'एकरकमी' आणि 'दरमहा' असे दोन चौकोन आहेत. दुसऱ्यावर खूण करायला विसरू नका. आणि जेवायला चला, पंगत मांडून तयार आहे.