ठेव, किल्ली आणि संकोच

(समाजाच्या मंचर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर कोणा वडीलधाऱ्याने उपदेशाचे चार शब्द सांगावेत, असा आपल्या मेळाव्याचा परिपाठ आहे. यंदा तो मान चिटणीसांनी माझ्याकडे दिला, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "उपदेश करण्याचा अधिकार माझा नाही, परंतु स्वतःची फजिती सांगण्याचा अधिकार मात्र पुरेपूर आहे." त्यांनी ते मान्य केले. तेव्हा आज मी माझी फजितीच आपणांपुढे ठेवणार आहे.

आरंभी एक जुनी गोष्ट सांगतो. आपल्या जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत जी लेणी आहेत, ती पाहावयास आपण मुलांना घेऊन जातो. पण तेथील शिलालेखांत काय लिहिले आहे, याची चौकशी आपण क्वचितच करतो. त्यांपैकी एका लेखात वेळूकाम करणारांच्या श्रेणीकडे दरमहा पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडे दरमहा पाव, अशी ठेवीची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील माणसांचा संघ. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आपल्याच भूमीत माणसे आपला पैसा दुसऱ्याच्या हाती विश्वासाने ठेवीत होती आणि तो विश्वास दगडावर कोरून ठेवीत होती. बँक हा शब्द नवा असला तरी ठेव ही वस्तू आपणांस नवी नाही. नवे आहे ते एवढेच की, त्या ठेवीची किल्ली आता आपल्या सदऱ्याच्या खिशात, मोबाईलमध्ये असते.

आता माझी हकीगत. गतवर्षीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या मोबाईलवर संदेश आला की, मागील महिन्याचे वीजबिल भरलेले नाही, सबब आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल. त्वरित खालील क्रमांकावर अधिकाऱ्यांशी बोलावे. बिल मी भरले होते. पावती टेबलाच्या खणात होती. तरीही मी तो क्रमांक फिरवला. पलीकडचा मनुष्य अत्यंत विनयाने बोलला. "काका, तुमचे पैसे आले आहेत, पण संगणकात नोंद चढलेली नाही. दहा रुपये भरा म्हणजे नोंद चढेल." त्यासाठी त्याने एक अ‍ॅप मोबाईलमध्ये घ्यावयास सांगितले. ते घेताच माझ्या मोबाईलच्या पडद्यावर जे जे दिसत होते, ते ते त्यालाही दिसू लागले. मी दहा रुपये भरण्यासाठी गुप्त संकेत टाइप केला. तो त्याने पाहिला. पाच मिनिटांत तीन वेळा मिळून माझ्या खात्यातून त्रेचाळीस हजार रुपये गेले. ते पैसे नातीच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी बाजूला काढलेले होते.

बंधूंनो, माझी खरी चूक ही नव्हे. फसणे हे मनुष्यधर्मास धरून आहे. माझी खरी चूक यापुढची आहे. ज्या मनुष्याने उभ्या आयुष्यात पोरांना व्याजाची आणि नफातोट्याची गणिते शिकविली, तो दहा रुपयांच्या गणितात फसला, हे कोणास कळू नये म्हणून मी चार दिवस गप्प बसलो. मुलाला सांगितले नाही, बँकेत गेलो नाही, पोलिसांत गेलो नाही. पाचव्या दिवशी पासबुक भरून आणले, तेव्हा घरात सर्व उघड झाले. आमची मंडळी फारशी शिकलेली नाही. पण ती मला जे म्हणाली, ते मी जन्मभर विसरणार नाही. "चोर घरात शिरला असता तर तुम्ही साऱ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडला असतात. मग हा चोर आला तेव्हा तोंड का दाबून घेतलेत?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बँकेतील अधिकारी भला गृहस्थ होता. तो म्हणाला, "गुरुजी, त्याच तासात कळवले असते तर पैसे वाटेत कोठेतरी अडविण्याचा प्रयत्न करता आला असता. आता ते चारपाच खात्यांतून फिरून रोख निघून गेले असतील." त्यातला एक रुपयाही परत आला नाही. नातीची फी आपल्या समाजाच्या शिक्षणनिधीतून उसनी घेऊन भरली, आणि ते देणे मी दरमहा निवृत्तिवेतनातून फेडीत आहे.

आपणांपैकी कोणी म्हणेल की, बँकाच सुरक्षित नाहीत, तर आपण काय करणार? या शंकेचे निरसन करण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी संस्था. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेस, तिच्यावर संगणकी दरोडा पडला आणि सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. कार्डाने पैसे काढताना "द्यावे किंवा न द्यावे" असा होकार-नकार देणारी बँकेची एक यंत्रणा असते. चोरांनी तिच्या जागी खोटा होकार देणारी यंत्रणा उभी केली आणि बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून रक्कम उचलली. परंतु लक्षात घ्या, खातेदारांच्या ठेवींना धक्का लागलेला नाही, असे बँकेने त्याच वेळी जाहीर केले. कुलूप बँकेचे फुटले होते, म्हणून नुकसान बँकेने सोसले.

माझे कुलूप मात्र कोणी फोडले नाही. मीच आतून कडी काढली. या दोहोंतील भेद रिझर्व्ह बँकेनेही मानला आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तिने असे ठरवून दिले की, चूक ना बँकेची ना खातेदाराची, अशा रीतीने पैसे गेले आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत खातेदाराने बँकेस कळवले, तर त्याच्यावर काहीही भार पडू नये. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार पडावा. परंतु खातेदाराने आपला गुप्त संकेत स्वतःच दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच. कळविल्यानंतर जे जाईल, ते मात्र बँकेचे. म्हणजे दोन्ही प्रकारांत कळविण्याच्या घटकेला महत्त्व आहे. संकोचाने घालविलेला प्रत्येक तास हा चोराच्या पदरात टाकलेला तास होय.

या चोरांची हत्यारे तीनच आहेत: भय, लोभ आणि घाई. वेष मात्र अनेक.

भयाचा सर्वांत भयंकर वेष म्हणजे "डिजिटल अटक". मोबाईलच्या पडद्यावर पोलिसाच्या गणवेशातील मनुष्य दिसतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत किंवा तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा आहे असे सांगतो. आणि खोलीतून हलू नका, कोणाशी बोलू नका, असे बजावतो. अशी अटक आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस, न्यायालय किंवा कोणतेही सरकारी खाते पडद्यावर अटक करीत नाही आणि सुटकेसाठी पैसे मागत नाही. यात अडाणी माणसेच सापडतात असे समजू नका. २०२४ साली लुधियानाच्या वर्धमान या कापड उद्योगसमूहाचे प्रमुख श्री. एस. पी. ओसवाल यांच्यापुढे चोरांनी सर्वोच्च न्यायालयाचा खोटा देखावा उभा केला आणि त्यांच्याकडून सात कोटी रुपये उकळले. वयाच्या ८२ व्या वर्षी, एवढी प्रतिष्ठा असताना, त्यांनी तक्रार केली आणि झालेला प्रकार जगाला उघड सांगितला. त्यामुळे पोलिसांना सव्वापाच कोटी रुपये परत मिळविता आले. मी त्रेचाळीस हजारांसाठी तोंड लपविले; त्यांनी सात कोटींसाठी लपविले नाही.

लोभाचे वेष आपल्या शेतकरी व व्यापारी कुटुंबांना जवळचे आहेत. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला बरा भाव मिळाला, चार पैसे हातात आले, की शेअरबाजारात दामदुप्पट करून देणारे व्हॉट्सअ‍ॅपवरचे गट आपल्याला शोधीत येतात. आरंभी पाचशेचे सातशे करूनही देतात. मोठी रक्कम गुंतविली की गट नाहीसा होतो. जुनी मोटारसायकल विकावयास काढली, तर न पाहताच विकत घेणारा कोणी क्यूआर कोड पाठवितो आणि म्हणतो, "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." एवढे एक सूत्र पाठ करून ठेवावे: पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

घाईचा वेष म्हणजे मोबाईलवर येणाऱ्या फायली. शेतकरी सन्मान निधीचा हप्ता, वाहनाचा दंड, लग्नाची निमंत्रणपत्रिका, अशी कोणतीही नावे त्यांना दिलेली असतात आणि नावाच्या शेवटी "एपीके" ही अक्षरे असतात. ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप असते. उघडून बसविले की तुमचे संदेश आणि त्यांतील ओटीपी चोराला वाचता येतात. मग ती फाईल आपल्या मामाच्या क्रमांकावरून आलेली का असेना, कारण मामाचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पत्रिका आली तर मामाला फोन करून विचारावे, "कोणाचे लग्न काढलेत?"

ज्या मातांपाशी साधा मोबाईलही नाही, त्यांनाही सावध राहिले पाहिजे. गावातल्या केंद्रावर आधार आणि अंगठा यांच्या साह्याने पैसे मिळतात. अंगठा उमटला नाही म्हणून कोणी तो पुन्हा पुन्हा लावावयास सांगितला, तर दर वेळेची पावती मागावी. आपल्याच जिल्ह्यात सुपे येथे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्यामागे न वाचता केलेल्या निशाण्यांचे दुःखही होते. आधारमधील अंगठ्याची खूण हवी तेव्हा बंद करून ठेवण्याची सोय आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाने आजीसाठी एवढे काम करून द्यावे.

तरुण मंडळींना एक वेगळा इशारा देतो. "तुझे बँकखाते महिनाभर वापरावयास दे, पाच हजार रुपये देतो," असे सांगणारे लोक फिरत असतात. लुटीचे पैसे अशाच भाड्याच्या खात्यांतून पुढे जातात. कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. ते परदेशात बसलेले सूत्रधार नव्हते; येथे बनावट कार्डे वापरून पैसे काढणाऱ्या टोळीतले होते. सूत्रधार दूर राहतो आणि तुरुंगात भाडोत्री हात जातो, हे विसरू नका.

आता आचरणाचे नियम सांगतो. ते थोडेच आहेत. ओटीपी आणि पिन कोणासही सांगू नये, बँकेच्या साहेबासही नाही. अनोळख्या माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही अ‍ॅप घेऊ नये. संदेशात आलेल्या क्रमांकावर फोन न करता पासबुकावर किंवा बिलावर छापलेल्या क्रमांकावर करावा. बँकेचे संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी "डॉट बँक डॉट इन" आहे ना, हे पाहावे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत हा पत्ता घेण्यास सांगितले होते. आणि पैशाविषयी कोणी घाई करू लागला, तर फोन ठेवून घरातल्या एका तरी माणसाशी बोलावे. "कोणास सांगू नका" असे जो म्हणतो, तो चोर, ही खूणगाठ बांधावी.

इतके करूनही पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० हा क्रमांक फिरवावा, बँकेस कळवून खाते गोठवावे, आणि "सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन" या सरकारी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. आलेले संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो.

शेवटी समाजाच्या कार्यकारी मंडळापुढे एक सूचना मांडतो. प्रत्येक गावात आपल्या दोन शिकलेल्या मुलामुलींची नावे ठरवावीत. ज्यांना संशय आला किंवा जे फसले, त्यांनी रात्रीअपरात्री त्यांचे दार ठोठवावे, आणि त्या मुलांनी "असे कसे केलेत?" हा प्रश्न न विचारता आधी १९३० क्रमांक लावावा. फसलेल्या माणसाला हसणारा समाज चोराचा भागीदार होतो. जुन्या श्रेणींकडे लोक ठेव ठेवीत, ती माणसांवरच्या विश्वासामुळे. आपला समाज ही आपली श्रेणी आहे. तिच्याकडे पैशाबरोबर आपली फजितीही निःसंकोच ठेवता आली पाहिजे.

माझी मी आज ठेवली आहे.