वीणेचा ओंडका आणि करवतीची लांबी

तंजावरचे नाव निघाले की मराठी मनाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख आठवतो. आजचा माझा विषय इतका भारदस्त नाही. तो आहे लाकडाचा ओंडका आणि त्याला कापणारी करवत. परंतु तंजावरच्या कीर्तीचा एक मोठा भाग अशा ओंडक्यातूनच घडला आहे, हे विसरून चालणार नाही.

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. २०१३ साली या वीणेला भौगोलिक चिन्हांकनही लाभले. फणस म्हटला की आपल्या कोकणी श्रोत्यांना गरे आठवतील, तसेच जुन्या घरांचे वाळवीला दाद न देणारे खांबही आठवतील. त्याच गुणांची चाड वीणाकाराला असते. तमिळ मुलखात पनरुटीची फणसाची झाडे प्रसिद्ध आहेत. वीणा साधारण चार फूट लांब. कित्येक वीणा निरनिराळे भाग जोडून करतात. परंतु जिला 'एकांडा' म्हणतात तिचा भोपळा आणि दांडी एकाच ओंडक्यातून कोरून काढतात. मधे कोठेही सांधा नाही. साहजिकच तिला अखंड, न तडकलेला, भरगच्च घेराचा ओंडका लागतो. असे झाड वाढायला माणसाच्या उमेदीची वर्षे खर्ची पडतात, आणि ते बिघडवायला एक चुकीचा काप पुरतो.

पूर्वी हे काम दोन माणसे करीत. एक ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. दोघांच्या हातांत एकच लांब करवत. आज पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत आली आहे. फांद्या तोडण्यासाठी घेतलेली सोळा इंची करवत ज्याच्या घरी आहे, त्याच्यासमोर दोन फूट व्यासाचा फणस येऊन पडला की त्याला वाटते, आता मोठे पाते बसवावे म्हणजे काम झाले. येथेच थांबून विचार करायला हवा.

पाते म्हणजे ती पोलादी पट्टी, जिच्याभोवती साखळी फिरते. आडवा काप एकाच दमात घ्यायचा असेल तर पात्याची उपयुक्त लांबी ओंडक्याच्या व्यासापेक्षा दोनेक इंच अधिक असावी, हा ढोबळ नियम. परंतु दोन्ही बाजूंनी कापण्याची तयारी असेल तर वीस इंची पातेही दोन फुटी ओंडक्याला पुरते. तेव्हा लांबी हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न शक्तीचा आहे. लांब जिभेने शहाणपण सिद्ध होत नाही, तसे लांब पात्याने बळ सिद्ध होत नाही. लहान इंजिनाला लांब पाते जोडले तर साखळीची गती मंदावते, इंजिन तापते, पात्याच्या टोकापर्यंत तेल पोहोचत नाही आणि कठीण लाकडात साखळी नुसती घासत राहते. कठीण लाकडासाठी वीस इंची पात्याला सुमारे साठ सीसीचे इंजिन, आणि अठ्ठावीस इंचांच्या पुढे नव्वद सीसीच्या आसपासचे इंजिन, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. मात्र अशा मोठ्या यंत्राचे वजन पात्याशिवायच सात किलोच्या पुढे जाते. दिवसभर ते हातात धरणारा माणूस थकतो, आणि थकलेल्या हातात करवत धोक्याची. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला अडला की यंत्र उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते. लांब पात्याचे टोक नजरेपासून दूर असते, हेही विसरू नये.

दुसरा विचार कापाच्या दिशेचा. आडवा काप आणि उभा काप यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उभे चिरताना आडव्या कापाच्या तीस अंशांच्या दात्यांऐवजी सुमारे दहा अंशांवर घासलेले दाते घ्यावेत. इंजिनावरचा भारही वाढतो. शिवाय साखळीचा काप रुंद. चोवीस इंची चौकोनी नग घ्या आणि त्याच्या एक इंची फळ्या पाडा. प्रत्येक कापात तिसरा हिस्सा इंच भुशात गेला तर अठरा फळ्या मिळतात. पट्ट्याच्या करवतीने अष्टमांश इंचाचा काप घेतला तर एकवीस मिळतात. तीन फळ्यांचा भुसा झाला! सामान्य लाकडात हे सोसता येईल; वीणेच्या फणसात नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, झाड पाडणे आणि वाहतुकीजोगे तुकडे करणे यासाठी मोठी साखळी-करवत योग्य. बारीक चिराई गिरणीवरच्या पट्ट्याच्या करवतीकडे सोपवावी. कापण्याआधी वीणाकाराला बोलावून ओंडका दाखवावा. गाभ्यापासून निघणाऱ्या भेगा कोठे आहेत, भोपळ्याची बाजू कोणती, हे तो सांगेल. मगच खडूची रेघ ओढावी. कापलेल्या टोकांवर लगेच मेणाचा अथवा रंगाचा लेप द्यावा, म्हणजे ती घाईने वाळून तडकणार नाहीत. आणि वर्षातून दोनदाच मोठे झाड कापायचे असेल तर मोठे यंत्र विकत घेण्याऐवजी भाड्याने, जाणत्या माणसासह आणावे. झाड तोडण्याची परवानगी आधी घ्यावी, हे तर सांगायलाच नको. महाराष्ट्रातील वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत फणसही आहे.

साधन मोठे असावे, पण कामाच्या मापाने. चोवीस पडद्यांची वीणा सुरात लावायला लागणारा कान ज्याच्यापाशी आहे, तो वीणाकार नगाला हलकेच ठोकून त्याचा नाद ऐकतो आणि मग हत्याराला हात घालतो. करवत चालवणाऱ्यानेही निदान तेवढा वेळ थांबावे.